वैलावरची भाकरी

पेठ तालुका
शनिवार, ८ मार्च २०२५

चि. तेजस्विनी,

आजीचा आशीर्वाद. मी कोण ते आठवत असेल तर पुढे वाच. नसेल आठवत तर सांगते. मी लंकाबाई, तुझ्या बापाची आई. जिचे तीन स्टीलचे डबे तुझ्या सातपूरच्या खोलीत जाऊन बसलेत आणि परत यायचं नाव घेत नाहीत, ती. डबा एसटीने पाठवायचा मी, त्यात पत्र घालायचं मी, आणि तू तो धुऊन पालथा घालणार नि विसरणार. तुझ्या त्या मशीनला म्हणे दोनशे गावांचं दूध लक्षात राहतं. त्यालाच सांगून ठेव, बाबा, आजीच्या डब्याचंही बघ.

फोन करू नकोस. फोन कानाला लावला की मला नुसती घरघर ऐकू येते आणि मी सगळ्याला हो म्हणते. मागे अशीच हो हो करत राहिले, आणि तू तिकडे रडत होतीस असं नंतर कळलं. पत्रच बरं. पत्र दोनदा ऐकता येतं.

अंगणवाडीच्या लताबाई लेकीच्या बाळंतपणाला सिन्नरला गेल्या. महिनाभर तरी येत नाहीत. आता माझं लिहायचं-वाचायचं कोण करणार म्हणून दोन दिवस जीव खालीवर झाला. घरात मी आणि म्हैस, दोघी सारख्याच शिकलेल्या. पण नवा लेखनिक मिळाला. दर शनिवारी येतो, चहा पितो, तुझं पत्र वाचून दाखवतो, माझं लिहून घेतो. कोण ते सांगणार नाही. त्याने मला शपथ घातली आहे. म्हणतो, तिला कळलं तर ती मोकळेपणी लिहायची नाही. मलाही या वयात एक गुपित मिळालं, ते मी इतक्यात देत नाही.

आणखी एक. गेल्या महिन्यात केंद्रावर दूध घातलं की पडद्यावर गोल गोल फिरत राहायचं, माणसं कॅन घेऊन उभी. केंद्रवाला म्हणायचा, नाशिकचं मशीन थिजलं. या आठवड्यात एकदाही थिजलं नाही. हे देवाने केलं की तू? देवाने केलं असेल तर नारळ फोडते. तू केलं असेल तर डब्यात खुरासणीची चटणी आहे.

तुझी आजी

•

सातपूर, नाशिक
गुरुवार, १३ मार्च

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार. तीनही डबे या बसने परत येत आहेत. चटणी संपली.

नारळ फोडू नकोस, ते मी केलं. सांगते कसं. मशीनच्या डोक्याला प्रोसेसर म्हणतात. आमच्या सर्व्हरच्या डोक्यात खरोखरचं काम करणारे गाभे सोळा आहेत. पण एक सेटिंग असतं, हायपर-थ्रेडिंग नावाचं. ते चालू असलं की प्रत्येक गाभा आपण दोन आहोत असं दाखवतो आणि पडद्यावर बत्तीस दिसतात. तुझ्या चुलीशेजारी वैल आहे ना, तसंच. जाळ एकच, पण भांडी दोन बसतात.

आता सकाळी सहा ते आठ सगळ्या केंद्रांवरून एकदम दूध येतं. सगळ्यांचं काम सारखंच आणि जड. आमचा प्रोग्रॅम जुना आहे. त्याला बत्तीस दिसले की तो बत्तीस कामं एकदम सुरू करतो. मग दोन-दोन कामं एकाच जाळासाठी भांडतात, मागे रांग वाढते आणि सगळंच थिजतं. तीन आठवडे मोजमाप करून मी हे शोधलं. २ मार्चच्या रविवारी माझा क्लास बुडवून, आमच्या प्रमुख तृप्ती मॅडमना विचारून ते सेटिंग बंद केलं आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. आता सोळाच दिसतात, पण सोळाही नीट चालतात. रात्रीचे अहवाल मात्र पूर्वी चाळीस मिनिटांत व्हायचे, त्याला आता तास लागतो. होईना का. रात्री कोणाचं दूध नासत नाही.

गंमत सांगते. ज्यांच्या दुधाचा हिशेब आमचं ऑफिस ठेवतं त्या डेअरीचे साहेब येऊन पडद्याकडे बघतात आणि आपल्या गावच्या सोमनाथला विचारतात, अहो, अर्धं मशीन कुठे गेलं? त्यानेच त्यांना सुरुवातीला बत्तीस म्हणून मोठ्या ऐटीत दाखवलं होतं. बिचारा लाल झाला. मी खूप हसले.

सोमनाथ चांगला तयार झालाय. तुझ्या सांगण्यावरून त्याला इथे लावून घेतलं याचं समाधान वाटतं. जानेवारीत मी तापाने पडले तेव्हा माझा पासवर्ड घेऊन आठवडाभर त्याने दोघांचं काम ओढलं. शनिवारी सुट्टी त्याची, रविवारी माझी. पण रविवारी माझा गंगापूर रोडला क्लास असतो, म्हणून गावी येणं होत नाही. परीक्षा झाली की येते.

तुझी तेजू

•

पेठ तालुका
शनिवार, १५ मार्च

चि. तेजू,

डबे पोचले. एकाचं झाकण दुसऱ्याला लावलंस, तरी पोचले.

तुझं मशीनचं मला समजलं. लेखनिकाला दोनदा वाचायला लावलं आणि मग मीच त्याला समजावून सांगितलं. वैल वाईट नसते गं. वैलावर डाळ ठेवावी, दूध कोमट ठेवावं, जे आपलं आपण हळूहळू शिजतं ते. मोठ्या भांड्याला जाळ लागत नाही तेव्हा उरलेला ती खाते. पण वैलावर भाकरी भाजायला बसणारी एक बाई मी पाहिली आहे, तुझी चुलत आजी चिमणाबाई. एक तवा चुलीवर, एक वैलावर. पाहुण्यांना म्हणाली, दुप्पट वेगाने वाढते. सगळ्या पंगतीला कच्च्या भाकरी. पाहुणे आठ दिवस पोट धरून होते आणि ती सांगत होती, माझ्याकडे दोन तवे आहेत. तुझ्या डेअरीचे साहेब तिच्या माहेरचे असतील.

म्हणजे सकाळी भाकरी आणि रात्री डाळ, असं तुझं काम. तू बरोबर केलंस. हे शिकायला कॉलेजात चार वर्षं घातलीस त्यापेक्षा माझ्या चुलीपुढे चार दिवस बसली असतीस तर.

सोमनाथ हा अत्यंत होतकरू व प्रामाणिक असून सर्व्हरची संपूर्ण जबाबदारी त्याच्यावर सोपविण्याबाबत तू मॅडमशी बोलावे.

म्हैस बरी आहे. मीही बरी आहे. दोघींचे गुडघे सोडले तर.

तुझी आजी

•

सातपूर, नाशिक
गुरुवार, २७ मार्च

आजी,

मागच्या आठवड्यात लिहिलं नाही, परीक्षा होती. 'सोपविण्याबाबत' हा शब्द तू कुठून शिकलीस ते विचारून तुला चिडवायचं ठरवलं होतं. आता हसायची ताकद नाही.

सोमवारी सकाळी सर्व्हर थिजला. सव्वासहाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा थिजला. असं तीनदा. चाळीस टेम्पो भर उन्हात उभे राहिले, वाटेवरच्या केंद्रांवर लोकांनी नासलेलं दूध ओढ्यात ओतलं. मी पडदा पाहिला. पुन्हा बत्तीस दिसत होते. रविवारी दुपारी बारा चाळीसला कोणीतरी ते सेटिंग चालू केलं होतं. आणि नोंदीत नाव होतं माझं.

मी क्लासला होते. मॅडम म्हणाल्या, क्लासमधून मोबाइलवरूनही करता येतं. खरंच करता येतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कागदाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तूच बंद केलंस, तूच चालू केलंस, आणि आता आठवत नाही म्हणतेस." चौकशी होईपर्यंत त्या सेटिंगला कोणी हात लावायचा नाही, असंही म्हणाल्या. डेअरीने लिहून मागितलंय की जबाबदार कोण. पंधरा एप्रिलपर्यंत मला त्याचं उत्तर द्यायचं आहे. नाहीतर मला काढतील, आणि का काढलं तेही कागदावर लिहून देतील. तो कागद हातात घेऊन नाशिकमध्ये मला कोणी सर्व्हरच्या जवळ उभं करणार नाही.

पण एक आहे. मशीनच्या पोटात आणखी एक वही असते. कोण आलं एवढंच नाही, तर कुठल्या टेबलावरून आलं याचाही आकडा ती लिहून ठेवते. मी ती उघडली. आकडा ऑफिसातल्याच टेबलाचा आहे. कोणता आकडा कोणाचा हे रजिस्टर मॅडमच्या कपाटात असतं, आणि मॅडम पाडव्याला गावी जाऊन मंगळवारी येणार. तोवर कोणी ती वही पुसू नये म्हणून मी तिची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. घरी नेली तर म्हणतील मीच बनवली, म्हणून ऑफिसातच ठेवली आहे. माझ्या खणात, तू दिलेल्या बडीशेपेच्या डबीत, तळाशी.

हे फक्त तुला सांगते आहे. त्या रविवारी ड्युटीवर चौघे होते, आणि मला चौघांकडे बघायची भीती वाटते. एकटा सोमनाथ माझ्याशी बोलतो. काल न सांगता चहा आणून ठेवला टेबलावर.

तेजू

•

पेठ तालुका
शनिवार, २९ मार्च

चि. तेजस्विनी,

पत्र पोचले. वाचून वाईट वाटले. माणसाकडून चुका होतात. मोठ्यांशी वाद घालू नये. झालेली चूक मान्य करून मॅडमची क्षमा मागावी म्हणजे प्रकरण मिटेल. नोकऱ्या पुष्कळ मिळतात. तू हुशार आहेस. उगाच सहकाऱ्यांवर संशय घेऊ नये.

प्रकृतीस जपावे.

आजी

•

सातपूर, नाशिक
गुरुवार, ३ एप्रिल

आजी,

मंगळवारी मॅडमच्या समोर खण उघडला. डबी होती. बडीशेप होती. पेनड्राइव्ह नव्हता. मशीनच्या पोटातली वही रविवारी, पाडव्याच्या दिवशी, कोणीतरी कोरी केली आहे. कोरी करणारं नाव पुन्हा माझंच. पासवर्ड मी बदलला होता, पण मशीनच्या त्या आतल्या दाराला जुनाच चालतो हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

मॅडम बडीशेपेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, जा.

ही गोष्ट मी माझ्या मैत्रिणीला सांगितली नव्हती. सोमनाथला सांगितली नव्हती. देवाला सांगितली नव्हती. तुला सांगितली होती. तुझ्या त्या गुपित लेखनिकाच्या तोंडून तू ऐकलीस, आणि मग अंगणात बसून कोणाकोणाला सांगितलीस? केंद्रावर सांगितलीस? आपल्या गावातून इथे रोज माणसं येतात गं.

आणि वर मला लिहितेस की चूक मान्य कर. सगळं ऑफिस म्हणालं तेव्हा मला इतकं लागलं नाही. तू मला चुलीपुढे बसवून शिकवलंस की जे केलं नाही त्याला हो म्हणायचं नाही. फोनवर तू न ऐकता हो हो करतेस. पत्रातही तेच केलंस का?

सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. सकाळी रोज थोडं थोडं थिजतं आहे, आणि ते सेटिंग बंद करा म्हणून सांगितलं तर कोणी माझं ऐकत नाही. सोमनाथला सर्व्हरचा प्रमुख केलं आहे. निदान तो तरी आपला आहे.

डबा पाठवू नकोस.

तेजस्विनी

•

पेठ तालुका
बुधवार, ९ एप्रिल

तेजू,

हे लताबाईंचं अक्षर आहे. तू ओळखतेस. सोमवारी त्या सिन्नरहून आल्या, नात झाली त्यांना.

मला पत्र दोनदा ऐकल्याशिवाय पचत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून पेढा खाऊन झाल्यावर त्यांना म्हटलं, तेजूची महिनाभराची पत्रं पुन्हा वाचा, तुमच्या आवाजात बरी लागतात. त्यांनी वाचायला घेतली. पहिलं तसंच होतं. दुसऱ्याला मी म्हटलं, लताबाई, तुम्ही हे कुठून वाचता? हे त्यात नाही. त्या म्हणाल्या, "आजी, हे त्यातच आहे. तुम्हाला काय वाचून दाखवलं होतं?"

मला काय वाचून दाखवलं ते ऐक. तुझ्या २७ तारखेच्या पत्रात मशीन बिघडलं, तू खोटं बोलतेस म्हणून वरिष्ठ रागावले, तू घाबरलीस, एवढंच होतं. डबी नव्हती. नाव नव्हतं. तुझ्या ३ तारखेच्या पत्रात तर काय होतं सांगू? आजी, काम उत्तम चाललं आहे, माझं वजन वाढलं आहे, म्हणून डबा पाठवू नकोस. मी हसले गं. तू तिकडे मला टाकून देत होतीस आणि मी इथे हसून म्हटलं, बरं झालं, बारीक दिसत होती.

आणि मी जे पाठवलं ते. मी सांगितलं होतं, तेजू, भिऊ नकोस, मी मंगळवारच्या बसने येते, तुझ्या मॅडमसमोर उभी राहते आणि विचारते, माझ्या नातीला खोटं बोलताना कोणी पाहिलंय ते पुढे या. त्याने लिहून घेतलं. मान खाली घालून पानभर लिहिलं. मंगळवारी पहाटे मी तांबडं लुगडं नेसून स्टँडवर बसले, तर कंडक्टरने तुझी म्हणून चिठ्ठी दिली आणि वाचून दाखवली, येऊ नकोस, सगळं मिटलं. मी ती घेऊन परत आले. चिठ्ठी माझ्याजवळ आहे. लताबाई म्हणतात, तुझ्या पत्रांशी हे अक्षर जुळत नाही.

लेखनिक सोमनाथ आहे. तुला सांगितलं नाही हा माझा दोष. त्याने शपथ घातली आणि मला मजा वाटली. माझ्या पुढ्यात बसून त्याने तुझ्या खणाची वाट वाचून घेतली. ज्या पोराला नोकरीला लाव म्हणून मी तुझ्या मागे लागले, जो तुझ्या बापाच्या ताटात जेवला. मला अक्षर येत नाही याची लाज मला सत्तर वर्षांत वाटली नव्हती. परवा वाटली.

तू माझ्यावर संशय घेतलास त्याचा राग नाही. तुझ्या जागी मी असते तर डबेही परत पाठवले नसते.

आता एक कर. शनिवारपर्यंत गप्प बस. त्याने चहा आणला तर पी. तो शनिवारी येईल, नेहमीसारखा.

आजी

•

पेठ तालुका
शनिवार, १२ एप्रिल

चि. तेजू,

हे अक्षर आता नीट बघून ठेव. हे सोमनाथचं आहे. तीन वर्षं तुम्ही शेजारी बसता, पण तुमच्याकडे सगळं बटणांवर, त्यामुळे त्याचं अक्षर तू कधी पाहिलं नव्हतंस, आणि माझ्या पत्रांत पाहिलंस तेव्हा ओळखलं नाहीस. मी सांगते आहे, तो लिहितो आहे. लताबाई त्याच्या खांद्यामागे उभ्या आहेत. एक ओळ सुटली तर त्या वाचून सांगतील.

तो आला, चहा प्याला, पेन उघडलं आणि म्हणाला, सांगा आजी. मी म्हटलं, लिही, माझ्या नातीचा पेनड्राइव्ह मी चोरला. त्याने 'माझ्या नातीचा' एवढं लिहिलं आणि थांबला. मग लताबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या.

रडला. ते लिहायला तयार नव्हता, पण मी लिहायला लावलं. रडला, आणि मला त्याची दया आली नाही, हेही लिही.

त्याचं म्हणणं असं. डेअरीचे साहेब रोज विचारायचे, अर्धं मशीन कुठे गेलं. एक दिवस म्हणाले, तुमच्या त्या बाईंना जमत नाही वाटतं. त्याला वाटलं, बत्तीस करून दाखवू, सोमवार नीट गेला की सांगू, मी केलं. तुझ्या नावाने आत गेला, कारण त्याच्या नावाला ते दार उघडत नाही. सोमवारी थिजलं तेव्हा तो सांगणार होता म्हणे. पण तोवर मॅडमनी तुझं नाव घेतलं होतं. तो गप्प राहिला. मग तुझं पत्र त्याच्या हातात आलं.

मी विचारलं, तेजूने तुझं काय वाकडं केलं होतं? तो म्हणाला, "आजी, ताईला कुठेही नोकरी मिळेल. मला तिच्याशिवाय इथेही मिळाली नसती."

हे ऐकून लताबाईंनी पदर तोंडाला लावला. मी नाही. ज्याला हे कळतं त्याला बाकीचंही कळत होतं.

आता खाली तो स्वतःचं लिहितो. मी सांगत नाही, मी नुसती बसले आहे.

मी, सोमनाथ, रविवार दि. २३ मार्च रोजी दुपारी १२.४० वाजता तेजस्विनीताईंच्या पासवर्डने माझ्या टेबलावरून सर्व्हरमध्ये शिरून हायपर-थ्रेडिंग चालू केले व मशीन पुन्हा सुरू केले. ताईंना माहीत नव्हते. मॅडमना माहीत नव्हते. दि. ३० मार्च रोजी त्याच पासवर्डने मशीनमधील नोंद पुसली व ताईंच्या खणातील पेनड्राइव्ह घेऊन कॅनॉलमध्ये टाकला. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. ताई, सकाळी मशीन थिजतं तेव्हा दर वेळी मी ते सेटिंग उघडतो आणि तसंच मिटतो. सेटिंग बंद करायला हवं हे मलाही माहीत होतं. बंद केलं असतं तर कळलं असतं, म्हणून केलं नाही.

सोमनाथ

लताबाईंनी वाचून दाखवलं. तेच आहे.

हे पत्र आजच्या शेवटच्या बसने निघेल, डब्यात. मंगळवारी मॅडमच्या हातात दे. त्याच्या हातची मागची पत्रंही तुझ्याकडे असतील, तीही दे, अक्षर जुळवून बघू देत. पण त्याच्या आधी त्यांना एक सांग. आधी ती वैल बंद करा, मग काय वाचायचं ते वाचा. बुधवारी सकाळी इथली माणसं कॅन घेऊन उभी राहणार आहेत, त्यांना तुमच्या कागदाचं काय.

मॅडमनी तुला परत घेतलं तर बरंच. नाही घेतलं तरी हा कागद तुझ्याजवळ राहील, आणि तू काढून टाकलेली म्हणून नाही, सोडून आलेली म्हणून दुसरीकडे जाशील. सोमनाथचं काय करायचं ते त्या ठरवतील. त्याला वाचवा म्हणून मी सांगणार नाही, बुडवा म्हणूनही नाही. एवढंच, की तो आता शनिवारी माझ्या घरी येणार नाही. हे लिहिताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिही.

तू मला एकदा विचारलंस, पत्रातही न ऐकता हो म्हणालीस का. म्हटलं गं, मला वाटलं मी ऐकते आहे.

आता खायचं. द्राक्षं संपत आली असतील, तरी मंडईत बघ. दोन किलो पाठव, बिनबियांची. माझे दात गेलेत ते तू विसरणार म्हणून सांगते. गोड बघून घे, हिरवी आंबट नकोत. एक किलो माझी. एक किलो वेगळ्या पिशवीत बांध, ती सोमनाथच्या आईला देईन. तिला अजून काही माहीत नाही, आणि मी सांगायच्या आधी तिने दोन गोड मणी खाल्लेले बरे. पिशवी बसनेच पाठव. सोमनाथच्या हाती देऊ नकोस.

तुझी आजी
लंकाबाई